इमेज पोहोचली, डेटा का नाही?

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर ‘कंटेनर’ नावाच्या स्वतंत्र डब्यात चालवणारं साधन) मायएसक्यूएल 8.0 हा डेटाबेस सर्व्हर चालवतो. टेबलं भरली, ‘डॉकर कमिट’ने कंटेनरची इमेज (ज्यातून नवा कंटेनर सुरू करता येतो तो साचा) केली आणि पेनड्राइव्हवरून कळव्याच्या मैत्रिणीला दिली. तिच्याकडे सर्व्हर सुरू होतो, पण आमचा डेटाबेसच दिसत नाही.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : मायएसक्यूएलच्या अधिकृत इमेजमध्ये डेटाचा फोल्डर व्हॉल्यूम, म्हणजे डेटा साठवायची वेगळी जागा, म्हणून जाहीर केलेला असतो. व्हॉल्यूम कंटेनरच्या बाहेर राहतो आणि ‘कमिट’ त्याला हातच लावत नाही. कंटेनर सुरू करताना दिलेला रूटचा पासवर्ड मात्र एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कंटेनरला दिलेली सेटिंग) म्हणून त्या इमेजमध्ये गेला आहे. ‘डॉकर इन्स्पेक्ट’ केलं की तो कुणालाही वाचता येतो. आधी तो बदला.

आता कंटेनरमध्येच ‘मायएसक्यूएलडंप’ चालवा, म्हणजे सगळा डेटा एका फाइलमध्ये (डंप) उतरेल. ‘डेटाबेसेस’ हा पर्याय विसरू नका. त्याशिवाय डंपमध्ये डेटाबेस तयार करण्याची ओळ येत नाही आणि पुढे ‘डेटाबेस निवडलेला नाही’ ही एरर येते. डंप ‘रिझल्ट-फाइल’ने कंटेनरच्या टेंप फोल्डरमध्ये लिहा, मग ‘डॉकर सीपी’ने बाहेर काढा. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये ‘>’ चिन्हाने फाइल केली, तर तिचं एन्कोडिंग यूटीएफ-16 होतं आणि मराठी नावांची वाट लागते.

इमेज कशी बनवायची ते सांगणारी डॉकरफाइल दोन ओळींची पुरे : ‘फ्रॉम’मध्ये मायएसक्यूएल 8.0, ‘कॉपी’ने डंप ‘डॉकर-एन्ट्रीपॉइंट-इनिटडीबी.डी’ फोल्डरमध्ये. बिल्ड करून ‘डॉकर सेव्ह’ने फाइल काढा, मैत्रिणीने ‘डॉकर लोड’ करावं. ‘एक्स्पोर्ट’ नको, त्यात सुरुवातीची कमांड आणि सेटिंग्ज गळतात. रूटचा पासवर्ड तिने कंटेनर सुरू करताना स्वतःचा द्यावा. तिच्या लॅपटॉपवर मायएसक्यूएलचा नेहमीचा 3306 पोर्ट आधीच अडलेला असेल तर बाहेरचा 3307 घ्यावा, आतला 3306च.

सगळ्यात जास्त गोंधळ पुढे होतो. ‘इनिटडीबी.डी’ फोल्डरातली फाइल डेटाचा फोल्डर रिकामा असेल तेव्हाच, म्हणजे पहिल्यांदाच चालते. तुम्ही सुधारलेला डंप पाठवलात आणि तिने जुनाच व्हॉल्यूम जोडला, तर काहीच बदलणार नाही, एररही दिसणार नाही. दर वेळी नवा व्हॉल्यूम द्या.

खरं तर एवढ्या कामासाठी शेकडो एमबींची इमेज पाठवायचं कारण नाही. मूळ इमेज तिने डॉकर हब या ऑनलाइन साठ्यावरून घ्यावी, तुम्ही डंप आणि कंपोज फाइल (कंटेनर कसा सुरू करायचा याच्या सेटिंग्जची) तेवढी द्या. डंपमध्ये खऱ्या विद्यार्थ्यांचे मोबाइल नंबर असतील तर आधी काढून टाका.