कॅल्शियमच्या गोळीत खडूच असतो का? आई ती पहाटे थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेते, चालेल का?

खडूच म्हणा, पण फळ्यावरचा नव्हे. तो बहुतेक वेळा जिप्समचा असतो. गोळीत असतं ते कॅल्शियम कार्बोनेट. शिंपला, संगमरवर, अंड्याचं टरफल, सगळं मुळात तेच.

मी औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो. स्ट्रिप उलटून पाहिली की गिऱ्हाईक दचकतं, "अहो, बाराशे पन्नास? एवढा हेवी डोस?" तो आकडा अख्ख्या क्षाराचा. त्यात वजनाने ४० टक्के कॅल्शियम, म्हणजे १२५० मिलिग्रॅममधून मिळतं ५००. खाली बारीक अक्षरात 'एलिमेंटल कॅल्शियम' लिहिलेलं असतं, तो आकडा धरायचा. एका वेळी शरीर साधारण तेवढंच नीट शोषतं, त्यामुळे दोन गोळ्या एकदम गिळून मोकळं होण्यात अर्थ नाही.

आता वेळेचं. हा क्षार पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला आम्ल लागतं. टरफलाचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाकून बघा, बारीक बुडबुडे चढू लागतात. तो कार्बन डायऑक्साइड. पोटातही हेच होतं, आणि आम्ल भरपूर सुटतं ते जेवताना. म्हणून ही गोळी जेवणाबरोबर किंवा ताटावरून उठल्या उठल्या. आम्ल मारण्याच्या याच गुणामुळे ॲसिडिटीच्या चघळायच्या गोळ्यांतही तो असतो. किडनीच्या रुग्णांना अन्नातलं फॉस्फेट अडवायला देतात, तेही जेवतानाच. रोज पॅन्टोप्राझोल, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी, घेणाऱ्यांना मात्र डॉक्टर बऱ्याचदा कॅल्शियम सायट्रेट देतात. त्यात कॅल्शियम २१ टक्केच, पण आम्लावाचून अडत नाही.

थायरॉइडची गोळी आणि ही मात्र एकत्र नकोच. कॅल्शियम तिला आतड्यात धरून ठेवतं. दोन्हींत ४ तास जाऊ द्यावेत. लोहाच्या गोळीशीही वाकडंच, म्हणून गरोदर बायकांना दोन्ही वेगवेगळ्या वेळी घ्यायला सांगतात.

आणि हो, 'गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा' हा मेसेज तुमच्याकडेही आला असेल. पानाचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तोंड भाजणारा. तो गोळीला पर्याय नाही.

आईंची थायरॉइडची गोळी पहाटेच राहू दे, कॅल्शियम दुपारच्या जेवणावर ढकला. पोट साफ होत नाही म्हणाल्या तर नवल नाही, या गोळीने होतं तसं. पूर्वी मुतखडा झाला असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.