पहिल्यांदा थायरॉईड बघा

ताई, बाळाला डाऊन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त) आहे म्हणून घाबरू नका, सगळं एकदम वाचत बसू नका. आधी थायरॉईड. जन्मल्यावर, मग 6व्या आणि 12व्या महिन्यात, पुढं दरवर्षी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासायचं. मूल ठणठणीत दिसलं तरी. आमच्या लेकीची सुस्ती, कडक शी आम्ही ‘डाऊन सिंड्रोममुळंच असणार’ म्हणून वर्षभर सोडून दिली. तुम्ही तसं करू नका.

थायरॉईडची गोळी सुरू झालीच तर:
- सकाळी उपाशीपोटी, चमचाभर पाण्यात कुस्करून. दुधात नको.
- लोह-कॅल्शियमचं औषध चार तासांनी.
- रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आपल्या मनानं बंद नको.

खानापूरहून बेळगावला दाखवायला जाताना जुने रिपोर्ट सोबत घ्या. वजन या मुलांचं भराभर वाढतं. कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) भरवणाऱ्या आजीला आत्ताच समजवा (आमच्याकडं हेच सगळ्यात अवघड गेलं). तहान फार, लघवी सारखी दिसली तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा.