सीटीच्या रिपोर्टात 'साधी गाठ', निघाली भलतीच: केस होते का?

प्रश्न माजलगावकडच्या एका भावाचा आहे, थोडक्यात सांगतो. मंडळींचं वय 38, बीपी वाढलेला, मधूनच डोकं ठणकायचं अन् दरदरून घाम फुटायचा. पोट दुखतंय, मुतखडा असेल म्हणून बीडला प्रायव्हेट सेंटरवर प्लेन, म्हणजे शिरेतून औषध न देता, सीटी काढला. खडा नव्हता, पण डाव्या किडनीच्या वरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर 3.4 सेंमीची गाठ दिसली, रिपोर्टात सरळ लिहिलं 'अ‍ॅडेनोमा, बिनाइन', म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ. पुढं पित्ताशयाच्या ऑपरेशनला टेबलवर घेतलं तर भूल देताना बीपी 240 च्या वर, पाच दिवस आयसीयू. मग संभाजीनगरला हार्मोनची टेस्ट झाली तेव्हा कळलं की ती गाठ फिओक्रोमोसायटोमा (थोडक्यात फिओ) होती, म्हणजे बीपी एकदम चढवणारे हार्मोन सोडणारी. आता गाठ काढलीय, ताई बऱ्या आहेत, सात लाख गेले. विचारतात, सेंटरवर एफआयआर करू का, का दोन-चार पोरं घेऊन जाऊन जाब विचारू.

दादा, पोरं आधी घरी बसवा. दवाखान्यात तोडफोड-मारहाण झाली तर महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणजे फिर्यादी व्हायचे ते तुम्हीच आरोपी होऊन बसाल. एफआयआरचंही तेच, सुप्रीम कोर्टाच्या जेकब मॅथ्यू केसमधल्या 2005 च्या निकालानंतर दुसऱ्या डॉक्टरचं मत आल्याशिवाय डॉक्टरवर फौजदारी सहसा पुढं सरकत नाही, उगं त्यात वेळ घालवू नका.

राहिला ग्राहक आयोग. पण रिपोर्ट चुकला एवढ्यावर तिथं काही मिळत नाही. योगायोग बघा, अ‍ॅड्रिनलच्याच गाठीची एक केस सुप्रीम कोर्टात गेली होती, कुसुम शर्मा विरुद्ध बत्रा हॉस्पिटल, 2010 चा निकाल. पेशंट दगावला होता तरी घरचे हरले, कारण डॉक्टरांनी निवडलेली पद्धत वैद्यकशास्त्राला मान्य असलेली होती. म्हणून आपला प्रश्न असा की तेवढ्या माहितीवर 'अ‍ॅडेनोमा' असं ठामपणे लिहिता येत होतं का?

याचं उत्तर तुमच्या सीडीत आहे. माझ्या ओळखीच्या एका रेडिओलॉजिस्टनं मला दाखवलं होतं, स्क्रीनवर गाठीवर माउसनं गोल काढला की बाजूला आकडा येतो, त्याला हौन्सफील्ड म्हणतात, पाण्याचा शून्य धरतात. अ‍ॅडेनोमात बहुतेक वेळा चरबी भरलेली असते म्हणून प्लेन सीटीत आकडा कमी येतो. गाठ एकसारखी अन् आकडा 10 किंवा खाली असेल तर ती साधी, तिथं सेंटरवाल्याचं बरोबरच होतं अन् तुमची केस संपली, हे आत्ताच सांगतो. पण फिओचा आकडा 10 च्या खाली जवळपास कधी नसतो. तुमच्या गाठीचा 30-35 निघाला तर मात्र मजा आहे.

तरी 'त्यांनी फिओ ओळखायला पाहिजे होता' असं लिहून घेऊ नका, समोरचा वकील लगेच म्हणेल की साधारण तीनातल्या एका अ‍ॅडेनोमातही चरबी कमी असते अन् आकडा वर जातो, अन् ते खरंच आहे. कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं औषध, देऊन पंधरा मिनिटांनी ते गाठीतून किती धुतलं जातं हे बघतात, एमआरआय करतात, पण काही फिओ तिथंही अ‍ॅडेनोमासारखेच वागतात, शेवटी रक्त-लघवीची मेटानेफ्रिनची टेस्टच लागते. म्हणून मुद्दा एवढाच ठेवा: आकडा वर होता तर 'नक्की सांगता येत नाही, हार्मोन टेस्ट करा' असं लिहायचं सोडून 'बिनाइन' का लिहिलं.

पित्ताशयाच्या सर्जनलाही तक्रारीत पार्टी करा. तो म्हणणार मी रिपोर्टवर विसंबलो. पण बीपी, घाम, डोकेदुखी अन् अ‍ॅड्रिनलची गाठ, एवढं समोर असताना टेस्ट न करता भूल दिली? फक्त तो सीटीचा रिपोर्ट तुम्ही त्याला दाखवला होता का, हे मला खरंखरं सांगा. भूल देण्याआधीच्या तपासणीच्या कागदावर गाठीची नोंद असेल तर सर्जनची बाजू लई लंगडी होते.

मुदत बघा, तुमच्या रिपोर्टला बावीस महिने झालेत. ग्राहक कायद्यात दोन वर्षं आहेत. गाठ काय आहे हे नंतर कळलं, तेव्हापासून मोजा, असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबायचं कशाला, दोन महिने आहेत तेवढ्यात दाखल करू. 2019 च्या ग्राहक कायद्यात तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार चालते, म्हणजे बीडलाच, अन् दवाखान्याला मोजलेले पैसे पाच लाखांच्या आत असतील तर फी शून्य. संभाजीनगरचं बिल यात धरू नका, ते नुकसानभरपाईत मागायचं.

नोटीस आत्ताच पाठवू नका, नोटीस गेली की कागद हलायला लागतात. सोमवारी सेंटर अन् दवाखाना दोन्हीकडं रेकॉर्डसाठी साधा अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच घ्या. 72 तासांत रेकॉर्ड द्यायचा नियम आहे. फिल्म नको, सीडीच मागा, फिल्मवर आकडा मोजता येत नाही. सीडी हातात आली की आधी तिसऱ्याच गावच्या रेडिओलॉजिस्टकडून आकडा लेखी घ्या, मग माझ्याकडं या.