तार किती उंचीवर होती?

प्रश्न : डोंगराच्या पायथ्याशी आमची वडिलोपार्जित जमीन आहे. गेली दोन वर्षं दर रविवारी मोटारसायकलवाल्यांच्या टोळ्या हौस म्हणून बांध फोडून आमच्या रानातून चढावर गाड्या घालतात. सांगून ऐकत नाहीत. शेवटी एकदा त्यांना कळावं म्हणून वाटेवरच्या दोन झाडांना तार बांधली. गेल्या महिन्यात एक तरुण त्या तारेला अडकून पडला. खांद्याजवळचं हाड मोडलं, मानेला जखम झाली. आम्ही त्याच संध्याकाळी तार काढून टाकली. आता त्याच्या वकिलाची पंधरा दिवसांची नोटीस आली आहे आणि पोलिसांनीही बोलावलं आहे. आमच्याच जागेत घुसून आमच्यावरच दावा, हा कुठला न्याय?

उत्तर : या धर्तीची पत्रं सतत येतात. कुणाच्या पडीक विहिरीत पोरगा पडलेला असतो, कुणाच्या मुरुमाच्या खड्ड्यात जीप उलटलेली असते, आणि शेवटचं वाक्य तुमचंच असतं. त्यामुळे जमीन तुमची, ते न विचारता आले, बांध त्यांनी फोडला, हे सगळं मी धरून चालतो. तुमच्या चार पानी पत्राचा निकाल दोन शब्दांत लागतो : ‘कळावं म्हणून’.

तारेची उंची तुम्ही लिहिलेली नाही. पण सोबतच्या फोटोत बाभळीच्या खोडावर तारेचा काच उमटलेला दिसतो आणि शेजारी तुमचा मुलगा उभा आहे. काच त्याच्या छातीला येतो, म्हणजे साधारण चार फूट. तारही एकेरी. गुरं अडवायची तार कोणीही शेतकरी गुडघ्यापासून वर तीन-चार ओळींत ओढतो. चार फुटांवरच्या एकेरी तारेखालून शेळी जाते, वासरू जाते, वाकून माणूसही जातो. अडकतो फक्त मोटारसायकलवर बसलेला. समोरचा वकील कोर्टात हेच विचारणार आहे, तेव्हा ‘गुरांसाठी बांधली होती’ हे उत्तर आत्ताच डोक्यातून काढून टाका. त्यावर लाल फडकंही नव्हतं, असं तुम्हीच लिहिलंय.

आता कायदा. घुसखोराबद्दल मालकाची जबाबदारी खूप कमी असते, हा तुमचा समज बरोबर आहे. तो तरुण तुमच्या रानातल्या दगडावरून घसरला असता, चढावरून उलटला असता, तर मी तुम्हाला निवांत झोपा म्हटलं असतं. रान जसं आहे तसं त्याने पत्करलं. पण कमी जबाबदारी म्हणजे शून्य नव्हे. घुसखोराला इजा होईल असं काही मुद्दाम, किंवा होईल हे माहीत असून, जमिनीवर मांडून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६३ साली चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सांगून टाकलंय. तिथे आरोपीने शेजाऱ्यांनी आपला संडास वापरू नये म्हणून वाटेवर उघडी तांब्याची तार लावून तीत वीज सोडली. शेजारची बाई तारेला लागून मेली. बाई बेकायदा आली होती, हा त्याचा बचाव न्यायालयाने ऐकला आणि नाकारला : मालक घुसखोराला स्वतःच्या हाताने जबर मारू शकत नाही, तसाच जमिनीवर सापळा मांडूनही मारू शकत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम राहिली. तुमच्या तारेत वीज नव्हती, आणि तरुण जिवंत आहे, हे तुमचं नशीब.

हा विचार त्याहून जुना आहे. इंग्लंडमध्ये १८२८ साली बर्ड विरुद्ध हॉलब्रुक हा खटला गाजला. फुलबागेतल्या चोऱ्यांना कंटाळून मालकाने आपोआप उडणारी बंदूक लावली. पाटी लावली नाही, कारण पाटी लावली तर चोर सापडणार नाही. गोळी लागली शेजारची लांडोर पकडायला भिंतीवरून उतरलेल्या पोराला. भरपाई मालकाला द्यावी लागली, आणि त्याच्या विरोधात गेलं ते पाटी न लावण्यामागचं त्याचं स्वतःचं कारण. तुमचं ‘कळावं म्हणून’ त्याच जातीचं आहे.

हे दोन शब्द इतके महाग का, ते पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. हाड मोडणं म्हणजे जबर दुखापत. ती बेदरकारपणातून झाली असेल तर कलम १२५ लागतं, जास्तीत जास्त ३ वर्षं. पण अशी दुखापत होण्याचा संभव आहे हे माहीत असून केली असेल तर कलम ११७(२), जास्तीत जास्त ७ वर्षं. मधला सगळा फरक तुमच्या मनात काय होतं याचा आहे, आणि मनातलं तुम्ही लिहूनच ठेवलंय. त्रास किती होता हे दाखवायला तुम्ही गावच्या ग्रुपवरचे संदेश छापून जोडलेत. त्यात तार बांधल्याच्या दिवशीचा तुमचा एक संदेश आहे : ‘या रविवारी येऊ दे, मग मजा बघा.’ ही मजा तुम्हाला कोर्टात समजावून सांगावी लागेल. तो संदेश पुसू नका. चाळीस जणांच्या फोनमध्ये तो आहेच. पुसलात तर संदेशासोबत पुसल्याचंही उत्तर द्यावं लागेल. पोलीस याहून वरचं कलम लावतील का, हे जखमेचे कागद पाहिल्याशिवाय सांगत नाही.

संपत्तीच्या खाजगी संरक्षणाचा हक्क तुम्ही उल्लेखलात. तो आहे, पण सरकारी यंत्रणेकडे जायला वेळ असेल तर तो मिळत नाही. तुमच्याकडे दोन वर्षं होती. इथे माझा संयम सुटतो. या दोन वर्षांत तुम्ही एक लेखी तक्रार दिली नाहीत, एक पाटी लावली नाहीत, एका गाडीचा नंबर टिपला नाहीत. ‘पोलीस काही करत नाहीत’ असं लिहिलंत, पण त्यांना सांगितलं कधी होतं? पाटी लावली असती तर तिचा एक वेगळा उपयोगही होता. नुसतं जमिनीत येणं हा फौजदारी गुन्हा होत नाही. त्यामागे गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. पाटी वाचून आणि लेखी ताकीद मिळूनही आला, तर तो हेतू दाखवणं सोपं जातं. पाटीशिवाय तो ‘मला रान मोकळं वाटलं’ म्हणतो आणि सुटतो. शिवाय या गुन्ह्याला शिक्षा फार तर ३ महिने, त्यामुळे त्याची तक्रार वर्षाच्या आत नोंदवावी लागते. म्हणजे पहिल्या वर्षाच्या सगळ्या रविवारांवर पाणी सोडा.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने किंवा पार विरोधात जाऊ शकते, आणि तिच्याबद्दल पत्रात चकार शब्द नाही. ती ‘वाट’ कोणाची? तुम्ही तिला आमची म्हणता. गावनकाशा काढून पाहा. तुमच्या गटातून तुटक रेषा जात असेल, एकेरी असो की दुहेरी, तर तिथे जुनी पायवाट किंवा गाडीवाट नोंदलेली असू शकते. तसं निघालं तर तो तरुण त्या जागेपुरता घुसखोरच राहत नाही आणि तुम्ही रस्त्यात तार बांधणारे ठरता. मग या उत्तराचा अर्धा भाग फुकट. शेजाऱ्यांचीही वहिवाट असेल तर तहसीलदारांकडे अडथळ्याचा अर्ज वेगळा येईल. नकाशा न पाहता यावर अधिक बोलणं म्हणजे अंदाज.

नोटिशीबद्दल. पंधरा दिवस उलटले म्हणून आभाळ कोसळत नाही. अशा नोटिशीला उत्तर दिलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. तरी गप्प बसू नका, पुढे त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला जातो. उत्तर वकिलाकडूनच जाऊ द्या आणि त्यात दोन गोष्टी नकोत : तार नव्हतीच, हे खोटं, आणि तार त्यांच्यासाठीच होती, हे खरं. जे म्हणायचं ते त्याच्या वागण्याबद्दल. हा रस्ता नव्हे हे त्याला दिसत होतं, परवानगी नव्हती, वेग किती होता, हेल्मेट होतं का. नुकसानीत त्याचा स्वतःचा वाटा निघाला तर भरपाई त्या प्रमाणात कमी होते. किती कमी, हे न्यायाधीश ठरवतील, आणि तुमच्या तारेपुढे त्यांना त्याचा वेग फारसा टोचणार नाही, अशी माझी शंका आहे. दाव्यासाठी त्याच्याकडे साधारण ३ वर्षं आहेत. दावा दिवाणी न्यायालयात येईल. मोटार अपघात न्यायाधिकरणाचं हे प्रकरण नव्हे, कारण धडक तुमच्या वाहनाची नव्हती. दिवाणी दावा किती वर्षं चालतो हे शेतकऱ्याला मी काय सांगू. वाटणीचे दावे आजोबा टाकतात आणि नातू तारखा घेतो. म्हणूनच, उपचाराचा खर्च देऊन लेखी तडजोड होत असेल तर तिच्याकडे अपमान म्हणून पाहू नका. फौजदारी बाजू मात्र तडजोडीने आपोआप मिटत नाही. ती मिटेल का, हे लागलेल्या कलमावर आहे.

पोलिसांनी बोलावलंय तर जा. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ते सहसा आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास-अटकेची रीत ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देतात. ती पाळली तर अटकेची वेळ शक्यतो येत नाही. पण वकील सोबत असल्याशिवाय जबाब देऊ नका, आणि ‘तार तिथे वर्षानुवर्षं होती’ असं तर अजिबात सांगू नका. खोडावरचा काच ताजा आहे, फोटोत मलाच दिसतोय.

रविवार पुन्हा येणारच आहे. मुख्य तोंडावर फाटक घाला, लांबून दिसेल असं, पांढऱ्या रंगाचं. पाट्या लावा आणि लावल्याच्या तारखेसह फोटो काढा. चर खणण्याचा सल्ला तुम्हाला कोणी दिला असेल तर नको. गवताने झाकलेला चर म्हणजे जमिनीत पुरलेली तारच. गाड्यांचे नंबर टिपा, दोन-तीन जणांची नावं मिळाली की लेखी ताकीद आणि मग मनाई हुकमाचा दावा. नाव नसलेल्या टोळीवर मनाई घेऊन ती बजावायची कुणावर?

नोटीस, नकाशा आणि सातबारा घेऊन या. त्या संध्याकाळी काढलेली तार गोठ्यात टाकली असेल, तर तिचीही वळी तशीच असू द्या, सरळ करू नका.