स्थलांतर आणि सामाजिक अन्याय या विषयावर वर्गासाठी साहित्य कसं तयार करावं?

आकडेवारीने सुरुवात करू नका, मुलं पेंगायला लागतात. हातात एखादा कागद द्या. मी नान्सेन पासपोर्टची, म्हणजे देश नसलेल्या निर्वासितांना मिळणाऱ्या प्रवासपत्राची, छायाप्रत देईन. १९२२ मध्ये तो आधी रशियन निर्वासितांसाठी निघाला, ज्यांना कुठलाच देश आपलं म्हणत नव्हता. त्यावर काय लिहिलंय, तो नसता तर सीमेवर काय झालं असतं, एवढ्यावर अख्खा तास निघतो.

मग १९५१ च्या निर्वासित करारातली व्याख्या काढा. ती छळाच्या भीतीवर उभी आहे, भुकेवर नाही. हे न्याय्य आहे का, यावर मुलांनाच भांडू द्या.

‘पाच मिनिटांत बॅग भरा’ हा खेळ मात्र टाळाच. वर्गात कुणी खरोखर तसं घर सोडून आलेलं असू शकतं, आणि बाकीच्यांना ती सहल वाटते.