रिव्हेट दुसरा मिळेल, भोक नाही

प्रश्न : काका, नमस्कार. कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर अमोल यादव यांनी विमान उभं केलं, ते वाचल्यापासून हे वेड डोक्यात होतं. आता आम्ही दोघे मित्र अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शेडमध्ये दोन आसनी धातूच्या विमानाचं परदेशी किट जोडतोय. आडव्या शेपटीच्या पत्र्यावर एका ओळीत काही रिव्हेटची मागची डोकी कललेली बसली. त्यातले दोन काढायला गेलो, तर एक भोक मोठं झालं आणि दुसऱ्याशेजारी पत्रा चेपला. बाकीचेही काढावेत का? की पत्राच नवा मागवावा?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी ड्रिल खाली ठेवा. बाकीच्यांना हात लावायच्या आधी मोजमाप करायचं आहे.

विमानाच्या पत्र्याचं काम मी आयुष्यभर केलं. नव्या पोरांच्या हातून रिव्हेट वाकडा बसल्यामुळे पत्रा वाया गेलेला क्वचितच पाहिला. वाया जातो तो वाकडा रिव्हेट घाईने काढताना. शेपटीच्या पत्र्याला तुमच्याकडे बहुधा २.४ मिलिमीटरचे, सपाट डोक्याचे रिव्हेट असतील. ठोकून तयार झालेल्या मागच्या डोक्याचा व्यास मूळ व्यासाच्या दीडपट, म्हणजे सुमारे ३.६ मिलिमीटर हवा. उंची निम्मी, म्हणजे १.२. पत्र्याच्या तुकड्याला ३.६ मिलिमीटरचं भोक पाडून गेज (मापपट्टी) करा आणि प्रत्येक डोक्यावर लावून बघा. डोकं थोडं कललंय, पण भोक पूर्ण झाकलंय, पत्र्याला टेकलंय, तडा नाही आणि माप किटच्या पुस्तकातल्या मर्यादेत आहे? मग ते तसंच राहू द्या. दिसायला बरं नाही म्हणून काढू नका. उंची जास्त राहिली असेल तर एक-दोन हलके ठोके देऊन बसवता येतं. फार वेळा मात्र नाही, कारण ठोकून ठोकून ॲल्युमिनियम कडक होतं आणि मग तडकतं.

काढायलाच हवेत असे कुठले? तडा गेलेले, भोकाच्या एका बाजूला पूर्ण आडवे पडलेले, आणि ज्यांच्याखाली दोन पत्र्यांत फट राहिली आहे ते. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. रिव्हेट दोन पत्र्यांच्या मध्येच फुगतो, वरून छान दिसतो आणि पकड मात्र नसते. दर वेळी शेजारच्या भोकांत क्लेको, म्हणजे पत्रे तात्पुरते धरून ठेवणारे स्प्रिंगचे चाप, घट्ट आहेत ना, हे बघूनच ठोका.

काढायची रीत सांगतो. विमानाच्या ‘एडी’ (ही मिश्रधातूची खूण) रिव्हेटच्या कारखान्यात घडलेल्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो. तो ड्रिलला वाट दाखवण्यासाठी वापरा. भोकापेक्षा एक नंबर बारीक बिट घ्या, आधी हाताने फिरवून मध्य पक्का करा, मग फक्त डोक्याच्या जाडीइतकंच भोक पाडा. पुढे गेलात की बिट सरकतं आणि पत्रा खातं. तुमचं भोक तसंच मोठं झालं असणार. मग त्या भोकात पिन पंच घालून किंचित कलवा, डोकं तुटून येतं. दांडा बाहेर काढताना मागे लाकडी ठोकळा धरा, त्यात मागचं डोकं मावेल एवढं भोक असावं. आधार न देता पंचावर हातोडा मारला की आतली रिब, म्हणजे सांगाड्याची फासळी, वाकते आणि पत्रा चेपतो. दांडा हटून बसला तर हातोड्याचा जोर वाढवू नका. आणखी बारीक बिटने दांडा आरपार पोखरा, त्याची पकड सुटते, मग मागचं डोकं पक्कडीने पिळून ओढा.

आता मोठं झालेलं भोक. यासाठी ‘एनएएस १०९७’ या प्रकारचा रिव्हेट मिळतो. दांडा ३.२ मिलिमीटरचा, पण डोकं जवळपास तुमच्या २.४ वाल्याएवढंच, त्यामुळे पत्र्यात डोक्यासाठी आधीच केलेल्या खळग्यात बसतं. भोक रिमरने गोल करा, बर (काठावरचे धारदार कंगोरे) काढा. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या काठापर्यंत नव्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे ६.४ मिलिमीटर अंतर उरतंय का, ते आतल्या रिबच्या पट्टीवरही मोजा. तेवढं नसेल किंवा भोक इंग्रजी आठच्या आकड्यासारखं दुहेरी झालं असेल, तर स्वतः ठरवू नका. फोटो आणि मापं किट बनवणाऱ्यांना पाठवा. चेपलेल्या जागी सुरकुती किंवा तडा नसेल, तर आतून लाकडाने हळूहळू दाबून सरळ करता येईल. एवढ्यासाठी पत्रा मागवायची गरज मला दिसत नाही.

डोकी एकाच ओळीत कलली, यावरून वाटतं की डॉली, म्हणजे ठोकताना मागे टेकवायचा लोखंडी ठोकळा, धरणाऱ्याचा हात तिथे अवघडत होता किंवा रिव्हेट लांब होते. जोडायच्या पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट, एवढी लांबी पुरते.

आणि आपल्या सोलापूरची एक गोष्ट. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी रिव्हेटिंग करू नका. एक मीटर ॲल्युमिनियम वीस अंश तापलं की साधारण अर्धा मिलिमीटर वाढतं. दारातून ऊन वरच्या पत्र्यावर पडतंय आणि आतला सांगाडा थंड आहे, अशा वेळी ठोकलात तर रात्री दोन्ही एका तापमानाला आल्यावर ओढाताण राहते. पहाटे करा.

प्रश्न : हार्डवेअरच्या दुकानातले पॉप रिव्हेट विमानाला चालतील का? एका बाजूनेच बसतात, डॉली धरायला माणूस लागत नाही.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : दुकानातले नाहीत. ते मऊ असतात, किती भार सोसतील याची हमी नसते आणि आतला खिळा सुटून पडतो. पण एका बाजूने बसणारे रिव्हेट विमानाला वर्ज्य आहेत, असंही नाही. अमेरिकेतल्या व्हॅन्स कंपनीचं ‘आरव्ही-१२’ बहुतांशी तशाच रिव्हेटवर जोडलं जातं, कारण ते विमान आखतानाच त्यांचा प्रकार, व्यास आणि दोन रिव्हेटमधलं अंतर ठरवलेलं आहे. ठोकायच्या रिव्हेटच्या जागी हात पोहोचत नसेल, तर कुठला चालेल ते आराखडा करणाऱ्याकडून लेखी घ्या आणि तो कागद कामाच्या नोंदवहीत चिकटवून ठेवा. पुढे तपासणीला येणारा माणूस तोच मागेल.