बायबलात कुठे आहे, बाई?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी कॅथलिक, खानापूर तालुक्यातली, लग्न करून बेळगावात आले. माझी धाकटी जाऊ मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट घरातली आहे आणि रोज बायबल वाचते. ती विचारते, मरियामातेला देहासकट स्वर्गात नेलं हे बायबलात कुठे आहे? मेलेल्यांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कुठे आहे? मी म्हणते, ख्रिस्तसभा शिकवते. त्यावर ती म्हणते, म्हणजे तुमचं चर्च बायबलापेक्षा मोठं का? मला पुढं बोलता येत नाही. दुसरं असं, की माझ्या माहेरच्या गावात फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, सायबिणीची (मरियामातेची) मूर्ती खांद्यावर घ्यायचा मान दोन-तीन घराण्यांचाच. माझ्या भावानं विचारलं, तर ‘परंपरा आहे’ म्हणून त्याला गप्प बसवलं. मरियामातेचं स्वर्गात जाणं ही परंपरा, आणि हीसुद्धा परंपराच का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. पत्रात तो शेवटी आला असला, तरी दुखणं तिथंच आहे.

नाही, या दोन गोष्टी एक नव्हेत. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो आणि तिथंच घोटाळा होतो. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनी, त्याच्याकडून जे ऐकलं, पाहिलं, आणि पवित्र आत्म्याच्या आधारानं पुढच्यांच्या हाती सोपवलं, ती पवित्र परंपरा. मूर्ती कुणी उचलायची हा गावचा रिवाज. तो माणसांनी घातला, माणसांना बदलता येतो. आणि जो रिवाज देवाच्या दारात एखाद्याला कमी लेखतो, तो बदलायलाच हवा. मार्कच्या ७ व्या अध्यायात येशू हेच बोलतो. आईबापाला द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून लोक हात झाडायचे. तुम्ही आपल्या परंपरेपायी देवाची आज्ञा मोडता, असं येशूनं त्यांना तोंडावर सुनावलं. तो अध्याय भावाला वाचायला द्या. मग त्यानं एकट्यानं भांडू नये. चार माणसं सोबत घेऊन फादरांकडे आणि पॅरिश कौन्सिलपुढं, म्हणजे चर्चच्या स्थानिक समितीपुढं, विषय मांडावा.

रिवाज बदलताना मी स्वतः पाहिलेत. मी चौथी-पाचवीत असेपर्यंत मिस्सा लॅटिनमधून व्हायची. फादर वेदीकडे तोंड करून ‘दोमिनुस वोबिस्कुम’ (प्रभू तुमच्याबरोबर असो) म्हणायचे, आणि आमची आजी मागच्या बाजूला जपमाळ ओढत बसायची. ४ डिसेंबर १९६३ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. तेव्हा आमच्याकडच्या काही जाणत्यांना वाटलं, आता धर्म बुडाला. पुढं मिस्सा कोकणीत की मराठीत की कन्नडमध्ये, यावरून चर्चच्या आवारात आवाज चढलेले मी ऐकलेत. आपल्या सीमाभागात भाषेचा विषय निघाला की माणूस तापतोच. भाषा बदलली, पण भाकर आणि द्राक्षारस हाती घेऊन येशू जे बोलला, ते त्या मिस्सेत होतं आणि आजच्याही मिस्सेत आहे.

आता जाऊबाईंकडे येऊ. त्या रोज बायबल वाचतात, याचा मला मनापासून आनंद आहे. परंपरेचं नाव पुढं करून बायबलावर धूळ बसू देणारी कॅथलिक घरं मी खूप पाहिलीत, आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो.

त्यांच्यासमोर बायबलाची अनुक्रमणिका उघडा. नव्या करारात मत्तयापासून प्रकटीकरणापर्यंत २७ पुस्तकं आहेत. हीच २७, एक कमी नाही की एक जास्त नाही, हे त्यांतल्या कुठल्या पुस्तकात लिहिलंय? कुठेच नाही. नेमकी ही २७ नावं अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांनी ३६७ साली आपल्या पास्खाच्या, म्हणजे ईस्टरच्या, पत्रात दिली. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो आणि कार्थेज इथल्या बिशपांच्या सभांनी ३९३ आणि ३९७ साली पवित्र ग्रंथांची यादी केली. तोवर तीनशेहून जास्त वर्षं लोक बाप्तिस्मा घेत होते, भाकर मोडत होते, विश्वासासाठी जीव देत होते. पौल करिंथकरांना, म्हणजे करिंथच्या ख्रिस्ती लोकांना, पहिलं पत्र लिहितो, तेव्हा शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची पुस्तकं, अजून लिहून व्हायची होती. त्या पत्राच्या ११ व्या अध्यायात शेवटच्या भोजनाविषयी तो म्हणतो, की मला प्रभूकडून जे मिळालं तेच मी तुमच्या हाती दिलं. मिळालं आणि दिलं. परंपरा म्हणजे हेच.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. ‘आमच्या बापा, सर्गिंच्या’ ही प्रार्थना तिनं आम्हा भावंडांना चुलीपुढं बसवून शिकवली. तिला तिच्या आईनं शिकवली होती. मला नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात मी मराठी बायबल आणलं. आमच्या घरात आलेलं ते पहिलं बायबल. रोज संध्याकाळी तिला थोडं वाचून दाखवायची. मत्तयाच्या ६ व्या अध्यायात ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ आलं, तसा तिनं माळेवरचा हात थांबवला आणि म्हणाली, ‘‘हें आमचेंच मागणें न्हय गो?’’ पुस्तकात काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं, पण पुस्तक जे सांगत होतं ते तिच्यापाशी आधीच होतं. आणि ते लिहिलेलं ऐकल्यावर तिला किती बरं वाटलं, म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी तिनं तोच अध्याय पुन्हा वाचायला लावला.

चर्च बायबलापेक्षा मोठं का? नाही. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. १८ नोव्हेंबर १९६५ ला त्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं दैवी प्रकटीकरणावर जो दस्तऐवज काढला, ‘देई वेर्बुम’, त्याच्या १० व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटलंय, की पोप आणि बिशपांचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या शब्दाच्या वर नाही, तो त्या शब्दाचा सेवक आहे. जे सोपवलं गेलंय तेवढंच शिकवायचं. मग सेवक तरी कशाला हवा? प्रेषितांच्या कृत्यांचा ८ वा अध्याय पाहा. इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचतोय. येशूचा अनुयायी फिलिप्प विचारतो, समजतं का? तो म्हणतो, कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार?

मरियामातेच्या स्वर्गात जाण्याचं वर्णन करणारं वचन बायबलात नाही. जाऊबाईंना हे सरळ सांगा, लपवू नका. पण हा सण पोपनी १९५० साली नव्यानं काढलेला नाही. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभांत तो सहाव्या शतकातही होता. पोप बाराव्या पायस यांनी १९४६ मध्ये जगभरच्या बिशपांना पत्र पाठवून विचारलं, तुम्ही आणि तुमचे लोक हे मानता का? त्यानंतर १ नोव्हेंबर १९५० ला ही विश्वासाची शिकवण असल्याची घोषणा केली. आपण १५ ऑगस्टला झेंडावंदन आणि मिस्सा दोन्हींना जातो, तो हाच सण. पोपची चूक होत नाही, हे १८७० च्या शिकवणुकीतलं वाक्यही लोक भलतंच ताणतात. पोप सकाळपासून रात्रीपर्यंत जे बोलतील ते सगळं त्यात येत नाही. विश्वासाची किंवा नीतीची गोष्ट सगळ्या ख्रिस्तसभेसाठी कायमची म्हणून जेव्हा ते पदाच्या अधिकारानं ठरवतात, तेवढ्यापुरतंच ते आहे.

मेलेल्यांसाठी प्रार्थना मात्र बायबलात आहे. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, १२ व्या अध्यायात, यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्यांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवतो. जाऊबाईंना ते सापडणार नाही, कारण त्यांच्या बायबलात ६६ पुस्तकं आहेत आणि आपल्यात ७३. प्रोटेस्टंट चळवळीचे नेते ल्यूथर यांनी १५३४ च्या जर्मन बायबलात ही जास्तीची सात पुस्तकं वेगळी काढून ठेवली. कॅथलिक बिशपांच्या त्रेंत परिषदेनं ८ एप्रिल १५४६ ला ७३ ची यादी पक्की केली. तुमच्या घरातलंही एकदा मोजून बघा. आपल्याकडे पुष्कळ कॅथलिक घरांत ६६ चंच असतं. तसं निघालं तर पॅरिशमध्ये ७३ पुस्तकांचं मागा, आणि तो अध्याय जाऊबाईंसोबत बसून वाचा. ४३ ते ४५ ही वचनं त्यांनाच मोठ्यानं वाचू द्या, त्यांना वाचनाची सवय आहे. आणि फेस्ताच्या मूर्तीचं काय ठरलं, ते भावाला मला लिहून कळवायला सांगा.